एकाच डोळ्यासाठी लेन्स

“यातली कोणती ठेवू, बाबा?”

डॉक्टर असं म्हणाले, की “यातली कोणती घेऊ?” म्हणाले, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही. वीसहून अधिक वर्षं झाली. मी तिथे होतो हे नक्की. निंबाच्या सावलीत बसलो होतो हेही नक्की. बाकीचं लिहिताना हात कचरतो. जे ऐकलं ते लिहितो आहे, की नंतर इतक्यांदा मनात घोळवलं ते, याचा भरवसा वाटत नाही.

तरी लिहितो.

डॉक्टर म्हणजे डॉ. प्रल्हाद खारोडे. अमरावतीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि ते माझ्या शेजारी राहत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांचा हात असा, की यवतमाळचे लोक अमरावतीला येत. छंद फोटोग्राफीचा. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतीवर त्यांची बक्षीसपात्र बदकं, बगळे आणि कोळी टांगलेले होते. ज्यांना डोळ्यानं नीट दिसत नाही ते लोक त्यांच्याखाली बसून नंबर येण्याची वाट बघत.

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. भिंगांची सूत्रं शिकवत निवृत्त झालो. फोटो मात्र एकही धड काढला नाही. डॉक्टरांना लेन्सविषयी बोलायला माणूस लागे, म्हणून रविवारी ते मला गाडीत घालून नेत.

आणि बाबा म्हणजे सारंगधरबाबा. महानुभाव पंथाचे संन्यासी, ऐंशीच्या घरातले. पूर्णेच्या अलीकडे एका लहान गावाबाहेर त्यांचा आश्रम होता. दोन-तीन खोल्या, सारवलेला ओटा, अंगण, एक निंब. जवळच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं येतात म्हणून डॉक्टर पहिल्यांदा तिकडे गेले. चहाला थांबले. मग बदकं नसतानाही जाऊ लागले.

बाबांचा उजवा डोळा लहानपणीच देवी येऊन गेला होता. डाव्यात मोतीबिंदू इतका पिकलेला, की अंगणाच्या फाटकातूनही ती पांढरी बाहुली दिसे. उजेड, अंधार आणि हलणारी सावली, एवढंच त्यांना कळे.

त्यांची बोली वऱ्हाडी. जशी आठवते तशी लिहितो.

डॉक्टरांनी सतरंजीवर लेन्स मांडून ठेवल्या होत्या. फॅन्सी दुकानात मांडतात तशा, ओळीनं. प्रत्येकीखाली पिवळं फडकं.

“आमच्या फोटोग्राफी क्लबात इतकं सामान कोणाकडे नाही, बाबा,” ते म्हणाले. “नागपूरपर्यंत नाही.”

“असंन.”

बाबांनी हात पुढे करून एक उचलली. तळहातावर तोलली.

“ही जड हाये. काय करते?”

“दूरचं जवळ आणते. तळ्यावरची बदकं हिच्यानंच काढतो.”

“अन् ही?”

“हिच्यात सगळं मावतं. अंगण, निंब, आभाळ.”

“ही बारकी?”

“मुंगीचे पाय दाखवते.”

“मुंगीनं बोलावलं होतं?”

आतल्या खोलीत कोणीतरी हसलं. त्या दमयंतीबाई. पंथातल्याच तपस्विनी, साठीच्या. बाबांना दिसेनासं झाल्यावर त्या आश्रमात आल्या; रोज सकाळी पोथी वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. चहा करायचं आणि आल्यागेल्याला टोचून बोलायचंही.

बाबांनी शेवटची लेन्स उचलली. तिचं तोंड रुंद होतं. त्यांनी बोट आत घालताच डॉक्टरांचा हात आपोआप पुढे झाला आणि मागे आला.

“ही काय करते?”

डॉक्टरांचा आवाज बदलला. आपल्या लेकीविषयी बोलताना बदलतो तसा.

“ही चेहऱ्यासाठी. चेहरा तेवढा स्पष्ट ठेवते. मागचं सगळं धूसर करून टाकते. या सगळ्यांत महाग हीच.”

“दिसू नये म्हणून महाग?”

“ते धूसर फार सुंदर दिसतं, बाबा.”

बाई उंबऱ्यात आल्या होत्या.

“आमच्या बाबाले तं फुकटच भेटलं,” त्या म्हणाल्या.

बाबा मनापासून हसले. डॉक्टर हसले नाहीत.

“अडचण काय हाये तुझी?” बाबांनी विचारलं.

डॉक्टर थोडा वेळ फडक्याची घडी करत राहिले.

“जी लावलेली असते ती सोडून दुसरीच हवी असते,” ते म्हणाले. “दूरची लावून बसावं तर पाखरू पायाशी येतं. जवळची लावावी तर तिकडे आभाळात थवा उठतो. बदलेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. घरी येतो. वाटतं, अमुक एक असती तर जमलं असतं. मग ती घेतो.”

“मंग?”

“मग रविवार येतो.”

डॉक्टरांनी घडी केलेलं फडकं खाली ठेवलं.

“तुम्ही सगळं सोडून इथे बसलात. म्हणून तुम्हाला विचारतो. यातली एक सांगा. बाकीच्या मी देऊन टाकीन.”

“मले दिसत नाई, अन् मी सांगू?”

“दिसेल की. कधीपासून म्हणतोय, ऑपरेशन करून घ्या.”

हे त्यांचं जुनं भांडण होतं. डॉक्टर दर भेटीत विषय काढत. बाबा ऐकून घेत आणि बाजूला ठेवत. बाई मात्र स्पष्ट बोलत. एक गेलाच हाये, होता तोही गेला तं? डॉक्टरांजवळ त्यावर उत्तर नसे. हजारात एखादा डोळा जातोच, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक.

त्या दिवशी बाबांनी विषय बाजूला ठेवला नाही.

“काय करतो त्यात?”

“पिकलेलं भिंग काढायचं. नवीन बसवायचं.”

“केवढं?”

“डाळीएवढं.”

“कोनतं?”

डॉक्टर थांबले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

“डोळ्याचं माप घ्यावं लागतं,” ते म्हणाले. “त्यावरून नंबर काढायचा. दूरचं स्पष्ट दिसेल असा. मग जवळचं वाचायला चष्मा.”

“जवळचं बसत नाई?”

“बसतं. मग दूरच्याला चष्मा.”

“दोनीचं?”

“तसं आपल्याकडे अजून येत नाही.”

“नाई पटलं, तं बदलता येते? ह्या तुझ्या बदलतो तशी?”

“नाही… नाही, बाबा. ती एकदा बसली की बसली.”

बाबांनी रुंद तोंडाची लेन्स सतरंजीवर ठेवली. ओळीत नाही, थोडी बाजूला पडली. डॉक्टरांनी ती सरळ केली नाही, हे मला आठवतं.

“म्हणून तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “दूरचं हवं की जवळचं?”

“बाकीच्या लोकायले कोनतं बसवतो?”

“दूरचं.”

“सगळ्यायले?”

“हो.”

“त्यायनं मागतलं?”

“…विचारत नाही, बाबा. तशी रीतच आहे. भिंतीवरचा तक्ता वाचता आला की ऑपरेशन चांगलं झालं म्हणायचं.”

“मंग मले काहून इचारतो?”

अंगणात निंबाची वाळकी पानं पडत होती. बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. शांतता वाढत गेली आणि मला ती सहन होईना. वर्गातही होत नसे. मुलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मीच देऊन टाकायचो.

“एकच डोळा आहे ना, बाबा, म्हणून,” मी म्हणालो.

बाबांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली.

“प्रोफेसर, त्याले बोलू द्या.”

बऱ्याच वेळानं बाबांनीच तोंड उघडलं.

“करून टाक.”

“काय, बाबा?”

“ऑपरेशन.”

बाई उंबऱ्यातून पुढे आल्या. “बाबा, मी काय म्हनते…”

बाबांनी हात वर केला. “पन कोनतं बसवाचं ते तू ठरव. मले इचारू नको. मले सांगू बी नको. आधी तू माझी निवड. मंग मी तुझी सांगतो.”

“असं कसं? डोळा तुमचा आहे.”

“कॅमेरा तुझा हाये. तरी मले इचारतोस ना?”

“कॅमेऱ्यात चुकलं तर काय जातं, बाबा?” डॉक्टरांचा आवाज दबला होता. “इथे चुकलं तर तुम्ही जन्मभर…”

“जन्म कितीसा राहिला.”

“तरी.”

बाबांनी चाचपत एकेक लेन्स उचलली आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. सगळ्या ठेवून झाल्यावर वर पिवळं फडकं पसरलं. आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं.

“तोपर्यंत एक बी लावू नको,” ते म्हणाले.

परतताना गाडीत, वलगाव मागे पडल्यावर, डॉक्टर म्हणाले, “सर, तुम्ही काय ठेवाल?”

मी सांगायला सुरुवात केली. संन्यासी माणूस, पोथी हाच त्यांचा संसार. जवळचं ठेवावं. मग मला वाटलं, पडण्याचं भय मोठं. या वयात पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं तर पोथी काय कामाची? दूरचं ठेवावं. मग वाटलं, चालताना दूरचा चष्मा लावता येतोच की. पण पहाटे उठलेला म्हातारा चष्मा कुठे शोधत बसेल? शहर येईपर्यंत माझ्या दोन्ही बाजू एकमेकींवर उलटवून झाल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही माझ्यासारखेच आहात.”

ते कौतुक नव्हतं.

बातमी गावात पसरली. दमयंतीबाई एसटीनं दवाखान्यात येऊन गेल्या. डॉक्टरांनीच मला सांगितलं. बदकांच्या फोटोखाली तासभर बसल्या, नंबर आल्यावर आत गेल्या आणि म्हणाल्या, “जवयचं बसवा, डॉक्टरसाहेब. पोथी सोता वाचतीन. माह्या घशाले आराम भेटन.” मग निघताना दारातून परत आल्या. “घशाचं खरं नाई,” म्हणाल्या. “मी वाचते तवा ते मदातच पुढचं म्हनून टाकतात. त्यायले सारं पाठ हाये. फकत अक्षर पाहाचं हाये त्यायले.”

दोन दिवसांनी गावातली माणसं आली. त्यांचं म्हणणं उलटं. बाबा आधी गावात हिंडत, शेताच्या बांधापर्यंत जात. आता ओट्यावरून हलत नाहीत. त्यांना पुन्हा चालतं करा. दूरचं बसवा.

“दोघांचंही खरं आहे,” डॉक्टर मला म्हणाले. “माझी झोप गेली आहे, सर.”

त्या दिवसांत परदेशी मासिकं यायची त्यांची. नव्या लेन्सचे फोटो, तक्ते, तुलना. एरवी ते टपाल आल्या आल्या फोडायचे. आता पाकिटं टेबलावर तशीच पडलेली मी पाहिली.

एके दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला आणि एकटेच आश्रमात गेले. सकाळी गेले ते दिवेलागणीला परतले. कॅमेऱ्याची बॅग घरीच होती. मी फाटकापाशी गाठलं.

“काय पाहिलंत?”

“काही नाही. बसलो होतो.”

“दिवसभर?”

“दिवसभर. लोक येत होते, बसत होते, जात होते.” ते कुलूप काढता काढता थांबले. “सर, कितीतरी वर्षांनी मी कुठेतरी गेलो आणि सोबत काही चुकीचं आणलंय असं वाटलं नाही.”

मग कुलूप काढून आत गेले. मी पुढे विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बाईंशेजारी बसलो होतो. उठत होतो, पाणी पीत होतो, परत बसत होतो.

“प्रोफेसर,” बाई म्हणाल्या, “तुमचा डोया कापू राहिले काय?”

मी बसलो. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांच्या हातातली जपाची गाठी जिथल्या तिथेच होती. एक मणीही पुढे सरकला नव्हता.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “सुखरूप झालं,” म्हणाले. बाईंनी त्यांना दंडवत घातला, तिथेच, फरशीवर. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, “कोणतं?”

“सांगायचं नाही असं ठरलंय.”

“ते बाबांना. मला सांगायला काय हरकत?”

“तुम्ही सांगून टाकाल, सर.”

तेही खरं होतं.

त्या काळी ऑपरेशननंतर टाके असत. डोळा स्थिर व्हायला दीड-एक महिना जाई. तोवर डोळ्यावर हिरवी पट्टी असे, नक्की काय दिसतंय हे कळत नसे. आम्ही गेलो तेव्हा उन्हं तापू लागली होती आणि निंबाला नवी तांबूस पालवी होती. डॉक्टरांनी गाडीतून तक्ता काढला. निंबाच्या बुंध्याला टांगला. कॅमेऱ्याची बॅगही आणली होती. ती त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली.

“दंडवत, बाबा.”

“दंडवत. कर तुझं काय ते.”

बाबा ओट्यावर बसले होते. डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. डोळ्यातली ती पांढरी बाहुली गेली होती. तिच्या जागी काळी, ओली, जिवंत बाहुली बघून मला कसंसंच झालं.

“तक्ता वाचा, बाबा.”

बाबांनी वरचं मोठं अक्षर वाचलं. खालची ओळ वाचली. तिसरीशी अडले. डोळा बारीक केला.

“पुढं मुंग्या हायेत.”

म्हणजे दूरचं नाही, असं मी मनात म्हटलं. जवळचं बसवलं तर. बाईंनाही ते कळलं असावं. त्यांचा चेहरा उजळला. त्या लगबगीनं आत गेल्या, पोथी घेऊन आल्या, लाकडी ठवणीवर उघडून बाबांच्या पुढ्यात सरकवली. छापील पोथी, बारीक अक्षरांची.

बाबा वाकले. बोट ओळीवर ठेवलं. बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

“अक्षरं हायेत,” बाबा म्हणाले. “ओळखू येत नाईत.”

बाईंनी पोथी थोडी जवळ केली, थोडी दूर केली.

“नाई, दमयंती.”

दूरचंही नाही, जवळचंही नाही. याचा अर्थ मला एकच ठाऊक होता. नंबर चुकला. डोळ्याच्या मापात केसभर फरक पडला तरी भिंग भलतीकडे जातं. हे सूत्र मी फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि आता तो एकुलता डोळा माझ्यासमोर बसला होता.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते निंबावरचा तक्ता काढून त्याची गुंडाळी करत होते. घाई नव्हती. हात स्थिर होते.

“चष्मा देतो, बाई,” ते म्हणाले. “दोन्हीसाठी. पोथीही वाचता येईल, रस्ताही दिसेल.”

“चष्माच द्याचा होता, तं डोया काहून कापला?”

“दमयंती.”

“नाई, बाबा, इचारू द्या मले. एवढे लोक सांगून आले. मी सांगून आली. एक तं बसवाचं. हे कोनाचंच नाई ऐकलं.”

डॉक्टर म्हणाले, “हो, बाई. कोणाचंच नाही ऐकलं.”

त्यांनी सबब सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग बाबा म्हणाले, “डॉक्टर, कुठी हायेस?”

“इथे. झाडापाशी.”

“तठी नको. इकडं ये.”

डॉक्टर आले. ओट्यावर चढले आणि बाबांच्या पुढ्यात, येणारी माणसं बसतात तशी, मांडी घालून बसले.

बाबा बघत राहिले.

मी पुष्कळ माणसांना बघताना पाहिलं आहे. कोणी कोणाकडे तसं बघितलेलं पाहिलं नाही. तान्हं मूल बघतं तसं, पापणी न हलवता, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“तुझ्या भुवईत पांढरा केस हाये,” बाबा म्हणाले.

“हो, बाबा.”

“इथं कापलं दाढी करताना.”

“सकाळी.”

“मी समजत होतो तू पोरगा हायेस.”

डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले होते.

“झोपत नाईस तू,” बाबा म्हणाले.

“आता झोपेन.”

“सरक थोडा. दमयंती, तू ये.”

बाई हलल्या नाहीत. “माह्यात काय पाहाचं हाये,” म्हणाल्या. मग पोथी मिटली, पदर डोक्यावर घेतला आणि येऊन बसल्या. नजर खाली.

बाबांनी त्यांच्याकडेही तसंच पाहिलं.

“आवाजावरून तू जाडी वाटत होती.”

“जेवाले कधी बसू देता तुमी?” बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पदराचं टोक डोळ्यांकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

फाटकाबाहेरून एक बैलगाडी गेली.

डॉक्टरांनी कडेची बॅग ओढून घेतली. उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून बसले.

“बाबा, मी तुमची निवडली.”

“हं.”

“आता माझी सांगा. कोणती ठेवू?”

बाबांनी बॅगेकडे पाहिलंही नाही. ते अजून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

“मले तू दिसशील अशी घे.”

डॉक्टर वाट बघत राहिले. मीही. पुढे काही आलं नाही… बाई चहा ठेवायला उठल्या.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. चष्मा त्यांना मिळाला, पण नाकावर क्वचितच असे. सकाळची पोथी बाईच वाचत. डॉक्टरांचे फोटोही मी पाहिले पुढे. दवाखान्यातली बदकं उतरली आणि माणसं लागली. कोणत्या लेन्सनं काढली ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही, कारण लेन्सचा विषय निघाला की तो दिवस निघेल अशी मला धास्ती वाटे. डॉक्टरांचा नंबर चुकला आणि बाबांनी ते आपल्या एका वाक्याखाली झाकून घेतलं, असं मी धरून चाललो होतो. मोठ्या माणसानं दुसऱ्याची चूक अशीच झाकावी, असंही मनाशी म्हणत असे.

मग माझाच मोतीबिंदू पिकला.

डॉक्टर तोवर म्हातारे झाले होते. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. “सर, तुम्हाला काय पाहायचं असतं?” त्यांनी विचारलं. मी लांबलचक उत्तर दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर बसलेल्या प्रत्येकाला ते हेच विचारतात, असं कंपाउंडर म्हणाला. त्यामुळेच इतका वेळ लागतो, असंही.

मला त्या दिवशी धीर आला.

“बाबांच्या डोळ्यात नंबर चुकला होता ना?” मी म्हणालो. “मी कोणाला बोललो नाही.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

“चुकला नव्हता, सर,” ते म्हणाले. “उणे सव्वा आला. मी उणे सव्वाच मागितला होता.”

घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिलं. स्वतःवर विश्वास नाही म्हणून पुन्हा मांडलं. उणे सव्वा नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते ऐंशी सेंटिमीटरवरचं. समोर मांडी घालून बसलेल्या माणसाचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो.